दारू सुटावी म्हणून: जवळचा गट कसा शोधायचा?

दारू सोडायची असं ज्याने मनाशी ठरवलं आहे, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न साधा असतो: जायचं कुठे? घरात हा विषय निघाला की भांडण होतं, मित्रमंडळी बहुतेक पिणाऱ्यांचीच असतात आणि डॉक्टरांकडे जायचं तर लाज आडवी येते. ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूच्या पुरते आहारी गेलेले आहेत आणि त्यांच्यातल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळालेले असतात. उरलेल्या ३७ जणांमध्ये आपल्या गल्लीतला, आपल्या ऑफिसातला, आपल्या घरातला माणूस असू शकतो.

आपल्या परिसरातला आधारगट कसा शोधावा, तिथे गेल्यावर काय होतं आणि तो आपल्याला मानवेल की नाही हे कसं ओळखावं, हे इथे क्रमाने सांगितलं आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पिण्याची अनिवार ओढ लागलेल्या संध्याकाळी ज्याच्या दारापर्यंत तुम्ही पोचू शकता, तोच तुमच्यासाठी सगळ्यात चांगला गट. संस्थेचं नाव, इमारत, प्रसिद्धी या गोष्टी त्यानंतरच्या.

गट कशासाठी?

केंद्रात किंवा रुग्णालयात काही आठवडे राहिलं की शरीरातली दारू उतरते, झोप लागते, भूक परत येते. पण घरी आल्यावर नाका तोच असतो, पगाराची तारीख तीच असते आणि ‘एकच घे, त्याने काय होतंय’ म्हणणारे मित्रही तेच असतात. औषधोपचार संपतात तिथून पुढची अनेक वर्षं माणसाला सोबत लागते. ती सोबत गटात मिळते.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन या शहरात झाला. शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन १९३५ साली धंद्याच्या कामासाठी तिथे गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिने झाले होते. काम फिसकटलं आणि हॉटेलात एकटं असताना पिण्याची तीव्र ओढ दाटून आली. त्यांनी बारमध्ये जाण्याऐवजी फोन उचलला आणि आपल्यासारखाच दारूने ग्रासलेला माणूस गावात कुठे भेटेल याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्यांची गाठ पडली. दोघं एकमेकांशी बोलत राहिले आणि दोघंही दारूपासून दूर राहिले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘एए’चा स्थापनादिन मानला जातो.

या पद्धतीचा उपयोग होतो का, याचा अभ्यासही झाला आहे. २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एए आणि व्यसनातून बाहेर पडण्यासाठी तिने आखलेल्या बारा पायऱ्यांकडे नेणाऱ्या उपचारांमुळे दारूपासून पूर्ण दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित मानसोपचारांइतकं किंवा त्याहून जास्त असतं, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

आधी डॉक्टर, मग गट

रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी, एका झटक्यात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हातांना कंप सुटणं, घाम येणं, मळमळ, धडधड, झोप उडणं असा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, वेळकाळाचं भान सुटतं. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही येऊ शकतो.

म्हणून भरपूर आणि रोज पिणाऱ्यांनी, पूर्वी फिट आलेल्यांनी, यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञाला किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावं. तिथे कंप आणि फिट रोखणारी औषधं देतात, सोबत बी-१ हे जीवनसत्त्व देतात. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शरीर सावरत असतानाच गटात जायला सुरुवात करता येते. दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. गटातल्या कोणी ‘आता औषधं बंद कर’ असा सल्ला दिला तर तो मानू नये. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा असतो.

कोणकोणते गट असतात?

*एएचे गट.* भारतात १९५७ पासून हे काम चालू आहे. मुंबई, पुणे, गोवा इथे गट बरेच आहेत, आणि लहान शहरांतही ते असतात. सभासद व्हायला फी नाही, फॉर्म नाही, जात-धर्म-पक्ष यांची चौकशी नाही. अट एकच: दारू थांबवण्याची इच्छा. मिटिंग शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात, दवाखान्यात किंवा चर्चच्या आवारात भरते. जागा चर्चची असली तरी गट चर्चचा नसतो. बारा पायऱ्यांमध्ये ‘उच्चशक्ती’चा उल्लेख येतो. ती म्हणजे विठ्ठल, अल्ला, निसर्ग की समोर बसलेली माणसं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. देव न मानणारेही इथे वर्षानुवर्षं येतात.

*व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट.* पुण्यातलं मुक्तांगण हे महाराष्ट्राला सर्वांत परिचित असलेलं उदाहरण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेली देणगी त्यामागे उभी होती. उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांनी पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहावं, यावर अशा केंद्रांचा भर असतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. तुमचे उपचार दुसऱ्या गावी झाले असतील, तर ‘आमच्या जिल्ह्यात तुमची पाठपुरावा बैठक भरते का?’ हे त्या केंद्राला आवर्जून विचारा.

*रुग्णालयातले गट.* अनेक सरकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांत व्यसनमुक्तीची बाह्यरुग्ण सेवा असते. तिथे समुपदेशक असतात आणि काही ठिकाणी गटचर्चाही होते.

*गावपातळीवरचं काम.* गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे. तिथे २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारू आणि तंबाखू या दोन्हींसाठी गावोगावी काम करत आहे. इतरत्रही गावातला महिला बचतगट, आशाताई, भजनी मंडळ यांच्याकडे दारू सोडलेल्या माणसांची माहिती असते. वारकरी संप्रदायात माळ घातल्यावर दारू वर्ज्य होते, आणि माळकऱ्यांच्या संगतीने टिकून राहिलेली माणसं महाराष्ट्रात खूप आहेत. ही संगत मोलाची आहे. मात्र शरीराला दारूची सवय जडलेली असेल, तर माळेसोबत डॉक्टरही हवेतच.

पत्ता कुठे मिळेल?

पहिला मार्ग फोनचा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. जवळच्या केंद्राची माहिती आणि प्राथमिक समुपदेशन तिथे मिळतं. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि दिवसरात्र चालते.

दुसरा मार्ग सरकारी दवाखान्याचा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मनोरुग्णालयाच्या नावाने दचकू नये. बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढायचा आणि ‘दारू सोडायची आहे, जवळ गट कुठे भरतो?’ असं विचारायचं.

तिसरा मार्ग एएचा. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर गटांची माहिती आणि संपर्काचे क्रमांक असतात. तिथे फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे त्याला तुमची गोष्ट उलगडून सांगावी लागत नाही. फोनवर चार प्रश्न विचारून घ्या. माझ्या घरापासून सर्वांत जवळची मिटिंग कोणत्या वारी, किती वाजता? बोलण्याची भाषा मराठी, हिंदी की इंग्रजी? ही मिटिंग खुली आहे की बंद? पहिल्या दिवशी कोणी दारात भेटेल का? खुल्या मिटिंगला घरचं माणूसही बसू शकतं. बंद मिटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते.

यादीतला पत्ता कधीकधी जुना असतो, जागा किंवा वेळ बदललेली असते. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. एखाद्या ठिकाणी कुलूप दिसलं म्हणून शोध थांबवू नये.

चौथा मार्ग माणसांचा. तुमच्या ओळखीत दारू सोडून काही वर्षं झालेला एखादा काका, सहकारी, शेजारी असेल. त्याला एकांतात विचारा. दारू सोडलेला माणूस अशा प्रश्नावर हसत नाही, बहुतेक वेळा तो त्याच संध्याकाळी सोबत यायला तयार होतो.

गावात काहीच नसेल तर ऑनलाइन मिटिंगचा आधार घेता येतो. कोविडच्या काळात त्यांची संख्या खूप वाढली. रात्रपाळी करणारे, परदेशात एकटे राहणारे, तालुक्यापासून दूर असणारे यांना त्यांचा मोठा उपयोग होतो. तरी महिन्यातून एकदा का होईना, प्रत्यक्ष भेटीच्या मिटिंगला जाण्याचा प्रयत्न करावा. ओढ लागल्यावर बरोबर चालत येऊ शकेल असा माणूस तिथेच भेटतो.

पहिल्या मिटिंगला काय होतं?

मिटिंग साधारण तास-दीड तास चालते. खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी चहा असतो. सुरुवातीला एक जण गटाचा उद्देश वाचून दाखवतो. मग एकेक जण पुढे येऊन पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असं म्हणतो आणि बोलू लागतो: पिणं कसं वाढलं, काय काय गेलं, कसं थांबलं, आज कसं चाललं आहे. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत, सल्ले देत नाहीत, उलटतपासणी करत नाहीत.

नव्या माणसावर बोलण्याची सक्ती नसते. ‘आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आडनाव, पत्ता, नोकरी कोणी विचारत नाही. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा सगळ्यांनी पाळायचा नियम असतो. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने त्यात पैसे टाकायचे. भाडं आणि चहाचा खर्च त्यातून निघतो. खिशात काही नसेल तर पिशवी पुढे सरकवावी, कोणाला त्याचं काही वाटत नाही. मिटिंग प्रार्थनेने संपते.

जाण्यापूर्वी दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. पुढे एखादा जुना सभासद तुमचा ‘स्पॉन्सर’ होऊ शकतो, म्हणजे पायऱ्या समजावणारा आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा सोबती. जुने सभासद सुरुवातीच्या नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा कराव्यात असं सांगतात. शहरात वेगवेगळ्या भागांतले गट धरून हे जमतं. लहान गावात आठवड्याला एकच मिटिंग असेल, तर मधल्या दिवसांत फोन आणि ऑनलाइन मिटिंग यांची जोड द्यावी.

हा गट आपला आहे का?

एका मिटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे वयस्क माणसं जास्त असतात, कुठे तरुण, कुठे बोलणं इंग्रजीत चालतं, कुठे अस्सल गावरान मराठीत. निदान पाच-सहा मिटिंगा करा, जमलं तर दोन-तीन गट पाहा. मग स्वतःला विचारा: इथे माझ्यासारखं कोणी आहे का? दोन-चार वर्षं न प्यायलेली माणसं दिसतात का? खोटं न बोलता बसता येतं का? घरी जाताना आजच्या रात्रीपुरतं बळ मिळाल्यासारखं वाटतं का? उत्तरं होकारार्थी असतील तर तिथेच टिकून राहा.

सर्वांनाच अशा गटाची गरज असते असंही नाही. ज्यांचं पिणं त्रासदायक झालं आहे पण शरीर अजून पुरतं गुलाम झालेलं नाही, त्यांना थोड्या समुपदेशनानेही फरक पडतो. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत असं पिणं कमी करायला मदत केली आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. लवकर मदत मागणाऱ्याचा रस्ता सोपा असतो.

कुठे जाऊ नये?

‘एका पुडीत दारू कायमची बंद’, ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. त्या औषधांत काय असतं हे कळायला मार्ग नसतो. दारूची घृणा निर्माण करणारं डायसल्फिराम हे औषध काही घरांत चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळलं जातं. हे अत्यंत धोक्याचं आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब घसरतो आणि प्राणही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

दाखल व्हायचं असेल तर केंद्राची नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, खर्च लेखी सांगतात का, हे आधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी केली आहे. मारहाण, डांबून ठेवणं, उपाशी ठेवणं याला उपचार म्हणता येत नाही. असं चालत असेल तिथून आपला माणूस लगेच बाहेर काढावा आणि तक्रार करावी.

घरच्यांसाठीही गट असतो

दारू एक जण पितो आणि घर सगळं आजारी पडतं. बायको त्याच्या रजेची खोटी कारणं ऑफिसला कळवते, आई उधारी फेडते, मुलं दाराचा आवाज आला की पुस्तक मिटतात. या माणसांसाठी ‘अल-अनॉन’ हे कुटुंबीयांचे गट आहेत. १९५१ साली अमेरिकेत ते सुरू झाले आणि त्यांच्या संस्थापकांमध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस होत्या. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

तिथे शिकायला मिळणारी गोष्ट फार दिलासा देणारी आहे: त्याचं व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही एकटीने ते बरं करू शकत नाही. उधारी फेडणं, खोटं बोलून पांघरूण घालणं हळूहळू थांबवायचं आणि स्वतःची झोप, पैसा, मुलांचा अभ्यास सांभाळायचा. तो उपचाराला तयार नसला तरी तुम्ही तुमच्या गटात जाऊ शकता. त्याच्या होकाराची वाट पाहायची गरज नाही. घरात मारहाण होत असेल तर सुरक्षितता आधी, बाकी सगळं नंतर. पोलिसांसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइनसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

दारू पिणारी स्त्री असेल तर

राष्ट्रीय पाहणीनुसार १.६ टक्के स्त्रिया दारू पितात. त्यांना लागणारा कलंक मात्र पुरुषाच्या अनेक पटींनी मोठा असतो, म्हणून त्या मदतीपर्यंत फार उशिरा पोचतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जायला संकोच वाटणं साहजिक आहे. एएशी संपर्क करताना स्त्री सभासदाशी बोलायचं आहे असं स्पष्ट सांगा, आणि महिलांच्या स्वतंत्र मिटिंगची चौकशी करा. त्या ऑनलाइनही भरतात. केंद्र निवडताना स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे का, हे विचारा.

पुन्हा प्यायलं गेलं तर

मधुमेह्याची साखर एखाद्या लग्नसराईत वाढली म्हणून कोणी उपचार सोडून देत नाही. तसंच इथेही आहे. गटात याला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप झाली तर त्याच आठवड्यात मिटिंगला परत जा आणि जे झालं ते सांगा. तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ते स्वतः भोगलेलं असतं.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ जास्त लागते, हे जुने सभासद नव्यांना आवर्जून सांगतात. गटारी, धुळवड, ३१ डिसेंबर, मित्राच्या लग्नाची वरात, बोनसचा दिवस या तारखा आधीच ओळखून ठेवा आणि त्या संध्याकाळी मिटिंग ठरवून टाका. जन्मभराची शपथ घेऊ नका. आजचा दिवस न पिता काढायचा, उद्याचं उद्या पाहू, ही गटातली रीत लाखो माणसांना उपयोगी पडलेली आहे.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी

आज १४४४६ वर किंवा एएच्या क्रमांकावर एक फोन करा. रोज पीत असाल तर उद्या सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, कमी करून सांगू नका. आणि रविवारच्या आत घराजवळच्या एका मिटिंगला जाऊन बसा, बोलला नाहीत तरी चालेल. हा लेख तुम्ही दुसऱ्या कोणासाठी वाचत असाल, तर त्याला उपदेश करू नका. मिटिंगचा वार, वेळ आणि जागा कागदावर लिहून द्या आणि ‘मी दारापर्यंत सोबत येतो’ एवढं म्हणा.